एका टाकीत हिवाळा

४ ऑक्टोबर, शनिवार

सगळ्यात आधी आली ती शेजारची बर्निस, तीही दार न वाजवता, आणि तिच्या मागून एल्मा, हातात वेलदोड्याचा गरम पाव घेऊन. मी अजून अंगातला कोटसुद्धा उतरवला नव्हता. बर्निस म्हणाली, अगं लेम्पी, नवरी झालीस आणि डोक्याला रुमाल कसला? मी म्हटलं, एकाहत्तराव्या वर्षी नवरी झालं की केस कमी आणि रुमाल जास्त लागतो. तिघी खिदळलो. रायनो माझी ट्रंक ओढत आत नेत होता, तोही हसला. माझा नवरा! लिहितानासुद्धा गुदगुल्या होतात.

ही वही नातीनं दिली. आजी, नव्या घराची मजा लिहून ठेव, म्हणाली. मी सहावीत शाळा सोडली, घरी गाईंच्या धारा काढायला कोणी नव्हतं म्हणून, तेव्हा अक्षराला हसू नये. बारा वर्षं लेकीच्या, कॅरलच्या, तळघरात काढली. कॅरल चांगली आहे, पण तळघर ते तळघर. खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसायचे. आता माझी खिडकी, माझी बर्चची झाडं आणि अंगणात गॅसची पांढरी टाकी. तिला इकडे सगळे डुक्कर म्हणतात. दिसतेच तशी, पोट सुटलेली आणि आखूड पायांची. तिच्यातल्या गॅसवर तळघरातली भट्टी चालते आणि जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवा खोल्याखोल्यांत येते.

एल्मा म्हणाली, गॅस यंदा दुपटीनं महागलाय, ही थंडी अंगावर काढावी लागणार. एल्मा विधवा, एकटीच असते. मग काय, बोलणं गेलंच मार्तावर. मार्ता म्हणजे रायनोची पहिली. ती म्हणे अख्खा हिवाळा एका टाकीत काढायची. सप्टेंबरात भरली की बर्फ वितळेपर्यंत गॅसच्या गाडीचं तोंड बघायची नाही. बर्निस डोळे मिटून म्हणाली, आणि गेली तेव्हा एप्रिल होता गं, तरी टाकीचा काटा साठावर! साठावर! जशी काही प्रार्थनाच म्हणत होती.

मी पाव बशीत ठेवला. मी म्हणून गेले, त्यात काय, मीही काढीन एका टाकीत.

उद्या चर्चमध्ये हे सगळ्यांना कळलेलं असणार.

१९ ऑक्टोबर, रविवार

रायनोनं आज डुकराची ओळख करून दिली. वरचं झाकण उचललं की आत काटा. टाकी शंभरातल्या ऐंशीवरच थांबवतात, गॅसला फुगायला जागा लागते म्हणून. पण थंडीत काटा खोटं बोलतो. मग किटलीभर ऊन पाणी टाकीच्या पोटावरून सोडायचं आणि तळवा वरून खाली फिरवायचा. जिथवर आत गॅस भरलाय तिथवर पत्रा थंडगार राहतो, त्याच्या वर कोमट होतो. हाताला चटका बसावा तशी थंडी लागली की समजायचं, ही रेघ. मी केलं. कसली मजा! लहानपणी गाईच्या पोटाला हात लावून वासरू कुठवर आलंय ते बघायचो, तसंच. आमची एक गाय होती, लाल, तिला माझ्याशिवाय कोणी हात लावलेला चालत नसे. असो.

मी विचारलं, ही युक्ती कोणाची? मार्ताची. अजून कोणाची असणार! थर्मोस्टॅटवर पेन्सिलीची रेघ आहे, त्याच्या वर न्यायचं नाही. मार्ताची रेघ. थंडी अडवायला खिडक्यांना प्लास्टिक लावायचं ते केस वाळवायच्या यंत्रानं ताणून. मार्ताची पद्धत. लाकडाची चूल का काढली, तर हृदयाच्या ऑपरेशननंतर रायनोला लाकडं फोडवत नाहीत आणि मार्ता म्हणाली, नको, गॅसवरच भागवते. भागवलंन म्हणे.

काटा चौऱ्याहत्तर.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बर्फ गुडघाभर. काटा त्रेसष्ट. रायनो म्हणाला की या तारखेला मार्ताच्या वेळी सत्तर असायचा. पाठ आहे त्याला! माझा वाढदिवस कधी, ते विचारा.

मी मागची खोली बंद केली. तिची खोली. तिथेच झोपेत गेली ती. जाळीत जुनी गोधडी कोंबली, दाराला बाहेरून दुसरी टांगली. दुपारी तिथून जाताना गोधडीतून ऊब लागली. दार उघडते तर काय, आत उन्हाळा! इकडे मी स्वयंपाकघरात हातमोजे घालून बटाटे सोलतेय आणि मेलेल्या बाईची खोली ही अशी.

म्हटलं, रायनोचंच काम. चोरून तिला शेकवतोय. दिवसभर धुसफुसले, जेवण आपटून वाढलं. शेवटी त्यानं मला हाताला धरून नेलं आणि जाळी दाखवली. गोधडी मी कोंबली तशीच होती. लोखंड बर्फासारखं. तो म्हणाला, बाई गं, मला काय जादू येते?

तरीही. माझ्या गॅसवर सवत शेकतेय, एवढं मला कळतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आता मी शहाणी झाले. ऊब ती ऊब, कोणाची का असेना. न्याहारी झाली की विणकाम घेऊन त्या खोलीत बसते ती जेवायच्या वेळेपर्यंत. पलंगाच्या गादीत भिंतीकडे लांबलचक खळगा आहे. मार्ता उंच होती. मी त्यात एकदा पडून पाहिलं, पाय अर्ध्यातच संपले. हसले स्वतःशीच.

आणि खरी बातमी! पाच दिवस झाले, काटा अठ्ठावन्नावरून हललेला नाही. रायनोनं थर्मोस्टॅट रेघेच्या वर नेला आणि नुसत्या सदऱ्यावर बसून पेपर वाचला. मला म्हणाला, लेम्पी, जमलं गं तुला. डोक्यावर ओठ टेकवले. मी भांडी धुताना नाचले.

पाय जरा गार पडतात. जाड मोजे विणायला घेतले.

२० डिसेंबर, शनिवार

काटा एकसष्ट!! खाली जायचा तो वर आला. रायनोनं काचेवर टिचक्या मारल्या, किटली ओतली, तळवा फिरवला, रेघ खरंच वर. गॅसची गाडी तर आलेली नाही. तो म्हणाला, थंडीत असं होत असेल. मी काय, सहावी शिकलेली. देवाचं देणं म्हटलं आणि झाकण लावलं.

शनिवार म्हणून एल्माच्या सौनात, म्हणजे वाफेनं अंग शेकायच्या खोलीत, गेलो. तिचा सौना लाकडावर तापतो, गॅसची भानगड नाही. तिघी फळीवर बसलो. बर्निस बीटासारखी लाल. माझ्याही कपाळावरून, पाठीवरून धारा. पण गुडघ्यांच्या खाली काही नाही. पोटऱ्या कोरड्या, पांढऱ्या. एल्मानं तापल्या दगडांवर तीनदा पाणी मारलं, तरी नाही. तिनं माझ्या पोटरीला हात लावला आणि पटकन मागे घेतला. म्हणाली, अगं, हे तर अंगणात राहिलेलं लाकूड!

बर्निसनं विचारलं, तुमचा काटा किती? मी सावकाश सांगितलं, एकसष्ट. नुसते दगड चरचरत होते. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

निघताना एल्मा हळूच म्हणाली, मार्तालाही शेवटी शेवटी घाम येईनासा झाला होता. मी म्हटलं, असेल बाई. पोटात दुखतंय हिच्या. तिचा काटा तिसावर आलाय ना.

५ जानेवारी, सोमवार

पासष्ट. मार्ताच्या साठाच्या पुढे पाच!

आज रायनो दुकानात गेला तेव्हा मी मोरीत उभी राहिले आणि किटलीभर ऊन पाणी मांडीवरून सोडलं. तळवा वरून खाली फिरवला. कोमट, कोमट — आणि मग चटका. मांडीच्या मध्यावर. बोटानं रेघ मारता यावी इतकी सरळ.

भरते आहे मी. कशानं ते —

आता खोलीत बसत नाही, पडते. गादीत खळगा एकच होता ना? आता दोन आहेत. तिचा भिंतीकडे, खोल. माझा कडेला, छोटा. तिचा खळगा आधीपेक्षाही भिंतीकडे सरकलाय. मार्तानं सरकून जागा दिलीन मला. दिलीन तीही कडेची!

१७ जानेवारी, शनिवार

अडुसष्ट. सौनाला गेले नाही. चालताना पाय लाकडी वाजतात.

रायनो मला मार्ता म्हणाला. दोनदा. त्याला कळलंही नाही. खुशीत होता, बाहेर शून्याखाली पंचवीस आणि हा घरात अनवाणी बसून आइस्क्रीम खात होता.

मधे दोन दिवस मी खोलीत गेले नाही. मुद्दाम. पायांत थोडी कळ आली, छान वाटलं, जिवंत कळ. पण काटा सहासष्टावर उतरला. रायनोनं कोट चढवला. जेवला नाही. खिडकीशी उभा राहून डुकराकडे बघत होता, जसं आजारी माणसाकडे बघतात तसं. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, काही नाही, मार्ता असं होऊ द्यायची नाही.

मी विणकामही घेतलं नाही. तशीच आत गेले.

३० जानेवारी, शुक्रवार

बहात्तर. रेघ बरगड्यांशी.

कॅरलचा फोन आला. आई, तुझा आवाज असा का येतो, घरी ये. मी म्हटलं, हे माझं घर. मी गेले तर खोलीत कोण — ती म्हणाली, कोणती खोली? मी ठेवून दिला.

आज भिंतीकडचा खळगा नाही. सपाट. सगळी गादी माझी. जिंकले की नाही? मग पांघरूण माझ्या पायांखाली नीट खोचलं कोणी? मी वाकू शकत नाही. रायनो बाहेर होता. आतून, गादीच्या खालून ओढल्यासारखं —

ऊब छान आहे. फक्त मला लागत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

अठ्ठ्याहत्तर. हात नीट चालत नाही, लहान लिहिते.

चर्चवरून दोघी आल्या. गॅस परत महागलाय. एल्माचा काटा दहावर, गाडी आठवडाभर यायची नाही. माझ्या घरात तिनं कोट काढला. स्वेटर काढला. खोलीच्या दारात येऊन डोळे मिटले आणि म्हणाली, अगंबाई, किती बरं वाटतं इथं. रायनोनं तिला खुर्ची आणून दिली. आत. पलंगाशेजारी. मला त्यानं कधी —

बर्निस माझा हात धरून रडली. म्हणाली, तू मार्ताला मागे टाकलंस गं, आता बास, कॅरलकडे जा, डॉक्टरला दाखव. काळजी करू नको, इथलं एल्मा बघेल. रायनोचं जेवणखाण, घर. ही खोलीही ऊबदार ठेवायला हवी ना कोणीतरी.

एल्मानं मान खाली घातली. लाजली! या वयात.

मला तिला सांगायचं होतं, ही खोली काय घेते ते. जीभ उचलली होती मी. सांगितलं तर वाचेल बिचारी. मग तिच्याकडे नीट पाहिलं. अंगानं भरलेली, गालांवर लाली. तिच्यात दोन हिवाळे सहज निघतील. लोक म्हणतील, मार्ता काय, लेम्पी काय, एल्मा खरी.

नाही सांगितलं. आणि जाणारही नाही. ऐंशीला दोनच राहिलेत. रेघ गळ्याशी आहे, थोडंच —

गादी परत सरकली. मार्ता नाही ही, मीच सरकतेय भिंतीकडे. कोणासाठी? मी नाही देणार जागा. नाही —

बर्निसनं कॅरलला फोन केला, बुधवारी येतो म्हणाल्यात. जेवायच्या आधी. कॅरल गाडी घेऊन, आणि एल्मा तिची उशी घेऊन, बुधवा