कवळी, अंधार आणि तीन टाक्या

३ मार्च, सोमवार
आई फोटोला तयार झाली! वय एक्क्याऐंशी, आणि आजवरच्या प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले. रविवारी ती दादाकडे राहायला जाणार, कायमची. त्याआधी माझ्या लाकडी कॅमेऱ्याने, पोस्टकार्डाएवढ्या फिल्मवर तिचा एक तरी नीट फोटो हवा. फिल्म घरीच धुणार. बायको म्हणाली, स्टुडिओवाल्याला दे. त्याला तो हात नाही. मला आहे. अजून एकही धुतलेली नाही, पण पुस्तक तीनदा वाचून झालंय.

५ मार्च, बुधवार
आई चक्क कवळी लावून बसली. खिडकीपाशी चार फोटो. मी काळ्या कापडात डोकं घातलं की तिला हसू येत होतं. चारही वेळा डोळे उघडे. म्हणाली, दादाच्या हॉलमध्ये लावायला सांगीन, धाकटाही काहीतरी करतो हे कळू दे तिथे.
फिल्म संपली. चार पुरेत.

६ मार्च, गुरुवार
तीन टाक्या आणल्या. चित्र उमटवणारा डेव्हलपर, पाणी, आणि शेवटी ते पक्कं करणारा फिक्सर. लाल शाईने सुवाच्य लेबलं लावली. मुलीने विचारलं, बाबा, मिट्ट अंधारात वाचणार कशी? हल्लीच्या मुलांना अक्षराचं कौतुक नाही. बायको म्हणाली, रबरबँड लाव, पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, हाताला कळेल. मी म्हटलं, डावीकडून उजवीकडे जायला मला रबरबँड लागत नाहीत.

७ मार्च, शुक्रवार
जेवणाच्या टेबलावर डोळ्यांना टॉवेल बांधून सराव. सात वेळा, एकही चूक नाही. पाण्याचा जग सांडला, पण तो टेबलावर कुणी ठेवला हा खरा प्रश्न आहे. बायकोने विचारलं, बाथरूममध्ये उभा कुठे राहणार? असल्या प्रश्नांना उत्तरं देत बसलो तर कला कधी करायची?

८ मार्च, शनिवार
सकाळी १०. सर्वांना नऊच्या आत अंघोळी उरकायला सांगितलं होतं. कोणीही उरकलेली नाही.
दुपारी २.१०. खिडकीला पुठ्ठा. टाक्या बाथरूमच्या मधोमध आडव्या फळीवर ओळीने. आत जातो.
३.००. फत्ते! दार आत उघडतं, त्यामुळे ते लावायला फळीच्या पलीकडे सरकावं लागलं. बरंच झालं, पलीकडे जागा ऐसपैस. डावीकडून पहिली टाकी, नऊ मिनिटं मनात मोजली. तिला आंबट वास येत होता, फिक्सरला येतो तसा. सर्दी असावी. बाहेरून हाताला तीन वळही लागले. टाकीचं डिझाइन.
३.१५. चारही फिल्म काचेसारख्या स्वच्छ. आई नाही, खिडकी नाही, काही नाही.
पुस्तकात ठळक अक्षरांत आहे: फिक्सर आधी लागला तर चित्र उमटण्याआधीच निघून जातं. खाली रेघ मारलेली आहे. माझीच. मी पलीकडे गेलो आणि डावं ते उजवं झालं, हे मात्र पुस्तकात कुठेही नाही. रबरबँड बायकोने सकाळीच लावून ठेवले होते. तिने ते एकेक करून काढले आणि डबीत ठेवले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

९ मार्च, रविवार
आईला सांगावंच लागलं. फार वाईट वाटलं, इथे तरी लिहून ठेवतो. तिने विचारलं, मी डोळे मिटले का रे पुन्हा? नाही म्हटलं, या वेळी मी माती खाल्ली. कवळी बॅगेत तळाशी गेली होती, फिल्म शिल्लक नव्हती आणि खाली गाडी उभी होती.
तिने एक फिल्म मागून घेतली. डोळ्यांसमोर धरून आरपार माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तू छान आलायस यात, फक्त डोळे मिटू नकोस. मग ती फिल्म रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.
फिक्सर फार झोंबतो डोळ्यांना. टाक्या तर मी कालच धुऊन ठेवल्या होत्या.