निळ्या रिंगवाले लावे

४ जानेवारी
आजपासून सूड.

भर मीटिंगमध्ये, डायरेक्टरसमोर, माझ्याच हाताखाली शिकलेली बाई उठते आणि म्हणते की सरांचं मत आता जुनं झालं. सर म्हणजे मी! पंधरा वर्षं मी छातीठोकपणे शिकवतोय: नराच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन थेट मेंदूत जातं, स्वतःच्या रिसेप्टरवर बसतं आणि नर नरासारखा वागतो. कुलपात किल्ली, संपला विषय. बाईसाहेब म्हणतात, तसं नाही. मेंदूतलं एक एन्झाइम आधी त्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर बसतं, तेव्हा कुठे नर भांडायला उठतो. म्हणजे मर्दानगी चालते कशावर, तर बायकी हार्मोनवर! लोकांनी माना डोलावल्या. डायरेक्टरनीसुद्धा.

मार्चमध्ये विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय. दावेदार आम्ही दोघंच. तिला धूळ चारली नाही तर नाव लावणार नाही.

५ जानेवारी, सकाळी
ठराव. तिच्याशी बोलणं बंद. तिच्या मेलला उत्तर नाही. आणि डायरेक्टरच्या केबिनमध्ये घुसून रोखठोक सांगायचं, इथे ती तरी राहील नाहीतर मी.

५ जानेवारी, संध्याकाळी
घुसलो. त्यांनी चहा मागवला. चहा पिताना असले विषय काढणं बरं दिसत नाही. तिचा मेल आला होता. उत्तर दिलं, पण सुरुवातीला 'प्रिय' लिहिलं नाही. समजायचं ते समजेल.

९ जानेवारी
ही म्हणाली की घरात एवढा आवाज चढवताय, तिच्यासमोर गेलात की शेपूट घालाल. बायकोनेच असं बोलावं? भरल्या ताटावरून उठलो. भात राहिला होता म्हणून परत बसलो.

१५ जानेवारी
शत्रू आपल्या पायांनी चालत आला!

ती लाव्यांवर, म्हणजे त्या तितरासारख्या छोट्या पक्ष्यांवर, नवा प्रयोग करतेय. नर लाव्याचे वृषण काढले की तो आरवणंही सोडतो आणि भांडणंही. टेस्टोस्टेरॉनची कॅप्सूल मानेच्या कातडीखाली बसवली की दोन्ही पुन्हा सुरू. इथवर आमचं एकमत. पण ते मेंदूत करतं काय? त्यासाठी तिने असे वृषण काढलेल्या नरांचे तीन गट केलेत. एकाला टेस्टोस्टेरॉन, आणि सोबत ते एन्झाइम बंद पाडणारं औषध. म्हणजे इस्ट्रोजेन बनणारच नाही, जे काय होईल ते माझ्या पद्धतीने. हे माझे. दुसऱ्या गटाला नुसतं इस्ट्रोजेन. हे तिचे. तिसऱ्याला रिकामी कॅप्सूल. पायात रिंगा निळ्या, लाल, पांढऱ्या. कोणता रंग कोणाचा ते फक्त डायरेक्टरना माहीत.

आणि निरीक्षण कोणी करायचं? मी! स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली की सर, तुमच्याइतकं बारीक कोणी बघत नाही. बोलणं बंद असल्यामुळे मी काही बोललो नाही. फक्त हो म्हणालो.

१६ जानेवारी
बेत पक्का. आकडे फिरवायचे. तिचा खेळ खलास. अडचण एकच, कोणत्या रंगाचे फिरवायचे ते कळत नाही.

२२ जानेवारी
अडचण दूर. नजर पाहिजे, नजर!

पिंजऱ्यात परका नर सोडला की पांढरे ढिम्म बसून राहतात. निळे आरवून आरवून खोली डोक्यावर घेतात, आणि पाहुणा समोर आला की पाठ फिरवून दाणे टिपायला लागतात. लाल मात्र चकार शब्द काढत नाहीत. सरळ धावून जातात आणि पाहुण्याच्या मानेची पिसं धरतात.

लाल माझे, यात शंकाच नाही. टेस्टोस्टेरॉन थेट मेंदूत! निळे तिचे. नुसती तोंडपाटीलकी. बाईसाहेबांवरच गेलेत.

आकडे फिरवायची गरजच उरली नाही. खऱ्या आकड्यांनीच तिला गाडणार.

३ फेब्रुवारी
शेऱ्यांचा रकाना हात सैल सोडून भरतोय. लालांपुढे 'खरा नर'. निळ्यांपुढे 'आवाज मोठा, कर्तृत्व शून्य'. कालच्या एकापुढे 'घरात शेर, बाहेर पळपुटा'. प्रत्येक शेऱ्याखाली सही. उद्या कोणी म्हणायला नको की हे मी लिहिलं नाही.

१० फेब्रुवारी
तिची गाडी माझ्या जागेवर लावलेली. खडसावायला गेलो. गाडीत तिचा नवरा होता. चांगला धिप्पाड आहे. हात हलवून पुढे गेलो. या अपमानाचा हिशेब वेगळा.

२४ फेब्रुवारी
विभागप्रमुखाच्या खोलीत टेबल कुठे ठेवायचं ते ठरवलं. तिला स्टोअररूमला लागून बसवणार. ती रडेल. मी पाणी विचारणार नाही. विचारेन, पण उशिरा.

हिला म्हणालो, आता तू विभागप्रमुखाची बायको होणार. ही म्हणाली, आधी गळक्या नळाला माणूस बोलवा.

११ मार्च
उद्या सेमिनार. डायरेक्टर रंग जाहीर करणार. भाषण पाठ केलंय. पहिलं वाक्य: काही जणांना आज उत्तर मिळालं असेल. इथे थांबून तिच्याकडे बघायचं.

१२ मार्च
निळ्यांना टेस्टोस्टेरॉन आणि एन्झाइम बंद. लालांना नुसतं इस्ट्रोजेन.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा सांगायला लावलं. डायरेक्टरनी माइक जवळ घेऊन पुन्हा सांगितलं.

मग तिने पडद्यावर माझे शेरे लावले. माझ्या अक्षरात, भिंतभर, सहीसकट. घरात शेर, बाहेर पळपुटा. मागच्या रांगेतले हसून हसून वाकले. ती मात्र हसली नाही. म्हणाली की आरवणं टेस्टोस्टेरॉनने थेट होतं, तेवढं सरांचं बरोबर आहे, भांडायला मात्र इस्ट्रोजेनच लागतं. लोकांचं हसणं पचवता आलं असतं. पंधरा वर्षं अर्धंच शिकवलं, हे फार लागलं.

कोणीतरी उठून विचारलं की निरीक्षण करणारा तुमच्याच बाजूचा नव्हता ना? ती म्हणाली की मी तोंडावर पडावं असं या इमारतीत सगळ्यात जास्त सरांना वाटतं, म्हणून तर त्यांनाच गळ घातली. त्यांच्या सहीच्या आकड्यांवर कोण संशय घेईल? टाळ्या. चहाच्या आधी जागा तिला जाहीर.

मी उठलो. घसा खाकरला. सगळे वळून बघायला लागले. अभिनंदन म्हणालो आणि बसलो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिने एवढंच विचारलं, निळे म्हणजे तुमचे ना?

तिचा मेल आलाय. पुढचा प्रयोग मादी लाव्यांवर, निरीक्षणाला सर तुम्हीच हवेत. आता मात्र हद्द झाली. मी ठणकावून नाही म्हणणार आहे. सोमवारी, पिंजऱ्यांपाशी गेल्यावर.