शिंगांमधली जागा

१२ ऑक्टोबर
नारीनला पोहोचले. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, कारखान्यात काम मिळालं, मागची खोलीही. चूल छान पेटते. बायकांनी गरम पाव आणि जर्दाळूचा मुरंबा पुढे केला. त्यांच्यातली तोंडाळ केंजे म्हणाली, झैनेप एजे, मुरंबा बेतानं खा, आम्हालाही जिभा आहेत! माझा नवरा सुयुन गेल्यापासून आज पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

२० ऑक्टोबर
माझं पहिलं शिरदक, नमद्याचा नक्षीदार गालिचा, झालं, म्हणजे दोन झाली. लाल आणि काळा नमदा एकावर एक ठेवून मेंढ्याची शिंगं एकदम कापायची, मग अदलाबदल करून शिवायची. एकात लाल शिंगं काळ्यावर, दुसऱ्यात काळी लालवर. कातरण उरत नाही. कारखाना चालवणाऱ्या उल्कान आपांनी बजावलं, जुळी एका छपराखाली ठेवू नकोस बाई, एक विकून टाक. विकलं म्हणून सांगितलं. जोडी तोडवेना. दोन्ही खोलीत समोरासमोर टांगली आहेत.

२८ ऑक्टोबर
एका पुस्तकात वाचलं होतं, चित्रात पेला दिसला की दोन चेहरे दिसत नाहीत. डोळा एका वेळी एकच धरतो. आज लाल शिंगं सोडून मधल्या काळ्या जागेकडे बघत बसले. तिथे सुयुन होता. उतरता खांदा, टोपीखाली दुमडलेला कान. शिंगांकडे पाहिलं की जातो. म्हणून पाहत नाही. त्याच्यासमोर बसून जेवले.

३ नोव्हेंबर
केंजेनं सगळ्यांना चहा दिला, मला वगळून. मी रागावले तर दचकली. अगं एजे, तू कधी आलीस? मी सकाळपासून तिच्या शेजारीच शिवत होते.

६ नोव्हेंबर
सुयुन आता गुडघ्यांपर्यंत दिसतो. समोरच्या शिरदकात काळ्या शिंगांमध्ये लाल बाई दिसते. रुमाल माझ्यासारखा बांधलेला. मी हाका मारते तरी कारखान्यात कुणी वळत नाही —

८ नोव्हेंबर
सुयुन खोलीत आहे. माझ्या पेल्यानं हात शेकतोय. मी भिंतीवर, शिरदकात — लोकर नाकातोंडाशी —
उल्कान आपा दारात. त्याला विचारतात, झैनेप कुठे? तो म्हणतो, मीही तिलाच शोधतोय. भिंतीवरची जोडी पाहून आपा म्हणतात, जुळ्यांतलं एक आत्ताच्या आत्ता दे, घेऊन जाते.
तो माझ्याकडेच येतोय. नुसती शिंगं बघतोय. खिळे काढले. खालून गुंडाळतोय — पाय गेले —
सुयुन, शिंगं नको रे, मधली लाल जागा बघ, मधली —