खालून उडालेला बर्फ

वणी, १९३१

श्रीकृष्णभाऊ,
युनूस पिंजाऱ्याचा सलाम घ्या.

तुमच्या बहीण शीलाताई तुमच्यासाठी गादी भरायले सांगून गेल्या. म्हणाल्या, भाऊनं सिनेमा सोडला, आता नागपुरात मास्तरकी करून राह्यला. आपला मुका सिनेमा पाहून मुंबईवाले हसले म्हणे, यांचा बर्फ जमिनीतून वर उडते.

वणीत तंबूत सिनेमा दाखवला तवा कोणी हसलं नव्हतं. इथं बर्फ पडताना पाह्यलाच कोणं?

आपण सिनेमा केला त्या साली कापसाले भाव नव्हता, सरकी काढायचं जीन बंद पडलं होतं. आवारातल्या रुईचा तुम्ही हिमालय केला अन् मले म्हटलं, "युनूस, शिडीवर चढ, वरून रुई टाक." मी म्हटलं, "माहे मामू काश्मीरले गेलते. तिथं बर्फ खालूनच उडते." मंग खाली बसून पिंजण चालवली. रुई उडाली, अन् तुम्ही खुशीत क्यामेऱ्याचं हँडल फिरवत राह्यले.

माहे मामू पांढरकवड्याच्या पुढं कधी गेले नाही, भाऊ.

तीस वर्षं रुईची धूळ खाल्ली. चार पायऱ्या चढलो का दम लागते. तसं सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा माणूस पाह्यला असता. अन् तुमच्या हिमालयाले दुसऱ्याचा हात लागलेला मले सोसला नसता.

हा कागद गादीच्या रुईत घालून तोंड शिवून टाकतो. तीन-चार वर्षांनी गादी पिंजायले उसवावीच लागन. तवा हा कागद तुमच्या हाती लागन, पण उसवणारा पिंजारी दुसरा असन.

तुमच्या हिमालयाचा,
युनूस