वल्ह्याला कान

॥ श्री ॥
मिरकरवाडा, रत्नागिरी
ता. १२ सप्टेंबर २००४

चि. गौरव यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल.

मुंबईहून आलेल्या सखारामकडून तुझा निरोप पोचला, की 'काशी' मोडीत काढा आणि माझ्या 'राही'वर सुकाणू धरायला, तांडेल म्हणून या. बाबा रे, वीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर बर्फ फोडून ही होडी केली, तिला आईचं नाव दिलं. आईला कोण मोडीत काढतो? तुझ्या एवढ्या महागाच्या ट्रॉलरवर मासा म्हणे पडद्यावर दिसतो. मग मला काय टीव्ही बघायला नेणार?

आमचं जुनंच चाललंय. इंजिन बंद करायचं, वल्हं पाण्यात सोडायचं, दांड्याला कान लावायचा. खाली घोळ मासळी असली की चुलीवर भात रटरटावा तशी घुरघुरते. लहानपणी तुला ऐकवली होती. पण यंदा आठ दिवस झाले, काही म्हणजे काही नाही. खलाशी गंगाराम नुसत्या विड्या ओढत बसतो. काकी म्हणते, कान गेले तुमचे, माझ्याही हाकेला ओ देत नाही. तिला ओ न देण्याचं कारण वेगळं आहे, ते पत्रात लिहिता येत नाही.

नातीला पापा. माया आहे तेवढी राहू दे.
तुझा,
धोंडूकाका


ससून डॉक, मुंबई
ता. २३ सप्टेंबर २००४

ती. धोंडूकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग काळजी लागली. काका, मासा होता! नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी 'राही' तुमच्या जागेवर नेली होती. पावसची टेकडी आणि देवळाचा कळस एका रेषेत येतात ती, तुम्हीच दाखवलेली. पडदा माशांनी लालेलाल झाला. दोन दिवस जाळं ओढलं. एकेक घोळ अंड्यांनी टच्च भरलेली, बर्फ पुरेना. माल थेट मुंबईत उतरवला. तुम्हांला नंतर सांगून चकित करणार होतो.

तेव्हा कान एकदा दाखवून घ्याच. खरं सांगायचं तर त्यानंतर माझाही पडदा कोराच आहे. तुम्ही आलात तर बरं होईल.

काकींना नमस्कार. रागावलात तरी प्रेम आटू देऊ नका.
आपला,
गौरव


मिरकरवाडा
ता. ७ ऑक्टोबर २००४

चि. गौरव यास,
आशीर्वाद.

कान दाखवले. डॉक्टरने एका बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. सगळे ऐकले. वर त्याच्या पंख्याचं बेअरिंग जाणार आहे, तेही सांगितलं. तो म्हणाला, काका, हे तर विशीतल्या माणसाचे कान. काकीने घरी आल्यावर हातावर साखर ठेवली. ती मला गिळवेना.

अंड्यांच्या दिवसांत त्या जागेवरून मी दोन घोळींच्या वर कधी काढली नाही. दोन झाल्या की परत. माझ्या बापाने हे मला सांगितलं होतं. मी तुला जागा दाखवली आणि हे सांगायचं राहून गेलं. तेव्हा तुझ्यावर कसला रागावू?

दवाखान्यात जाताना देवाला म्हटलं होतं, मला बहिरा कर. कान गेलेले असते तर घोळ तरी खाली असती.

'काशी' वर ओढून ठेवली. वल्हं सखारामबरोबर पाठवतोय. इथे त्याचं काम उरलं नाही.

आणखी काय लिहू? आठवण ठेव.
धोंडूकाका


ससून डॉक
ता. ३० ऑक्टोबर २००४

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

वल्हं मिळालं. परवा 'राही' घेऊन पावससमोर गेलो आणि इंजिन बंद करायला लावलं. खलाशांना वाटलं, बिघाड झाला. 'राही'ची कड इतकी उंच, की वल्हं पाण्याला पोचेना. शेवटी दोघांनी पाय धरले, मी पालथा लोंबकळलो आणि दांड्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. सगळे हसत होते.

काका, मला काहीच ऐकू आलं नाही. पण मला सवय नाही ना? लहानपणी एकदाच ऐकलेलं. तुमच्यासारखा कान मला कुठून असणार?

उलट टपाली दुसरं काही नको. कान माझाच कच्चा आहे, एवढं तुमच्या हाताने लिहून पाठवा.

आपला,
गौरव