पानं उडवणाऱ्या यंत्राविरुद्ध माझा लढा

४ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ७.१२
शेजारच्या वेंडेलनं पेट्रोलवरचा ब्लोअर पुन्हा सुरू केला. पानं उडवायला एवढा गोंगाट! कॉफीलासुद्धा धुराचा वास. किळस. गावच्या नियमात आठच्या आधी यंत्र लावायचं नाही. निश्चय: यापुढे संतापायचं नाही, फक्त पुरावे.

७ ऑक्टोबर
आवाज मोजायचं मीटर आणलं. कुंपणापाशी ९१ डेसिबल! लोर्ना म्हणाली, त्यातले निम्मे तुझ्या ओरडण्याचे. बायकोला शास्त्र कळत नाही. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, "सर, पानांसाठी गाडी पाठवत नाही आम्ही." निर्लज्ज.

१५ ऑक्टोबर
पेट्रोलच्या ब्लोअरवर बंदीसाठी अर्ज. चाळीस घरं फिरलो, तीन सह्या. एक माझी. एका आजींना वाटलं, कुत्र्यांबद्दल आहे. असो, जनमत वळतंय.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ
टाउन हॉलमध्ये सभा. तीन मिनिटं बोललो, अप्रतिम. मग वेंडेल उठला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "निम्मी पानं या एल्डनच्याच मेपलच्या झाडाची. त्याच्या पाठीच्या ऑपरेशनपासून त्याचं अंगणही मीच साफ करतो. सातला कामाला लागतो, कारण आठला मेव्हला डायलिसिसला न्यायचं असतं." स्वतःच्या आजारी बायकोला मध्ये आणणं! किती खालची पातळी! तरी समितीत चार विरुद्ध तीन मतांनी बंदी मंजूर. जिंकलो! टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोर्ना मेव्हशेजारी बसली होती, घरीही त्यांच्याच गाडीतून आली.

८ नोव्हेंबर
बंदी लागू झाल्यापासून आठवडाभर शांतता. अंगणात घोट्यापर्यंत पानं. दाताळं आणलं. तासाभरात उरकेन.

८ नोव्हेंबर, अकरा मिनिटांनी
पाठ धरली. दाताळ्याची मूठ भिकार आहे.

१२ नोव्हेंबर
पाऊस. पानं कुजली, घाण वास. पोस्टमन पायरीवर घसरला, मला नको ते बोलला. लोर्ना चार दिवस कामापुरतंच बोलतेय. पलंगावरून छताकडे बघतोय. सगळ्याची शिसारी आली आहे, थोडी स्वतःचीही. (हे वाक्य खोडायचं.)

१५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी
खरखर ऐकू आली. कसाबसा खिडकीशी गेलो. वेंडेल माझ्या पायऱ्यांवरची पानं दाताळ्यानं ओढत होता. लोर्ना त्याला कॉफी देत होती. काच वाजवली. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. त्यानं वर पाहिलं, विचारलं, "आवाज होतोय का रे?"
नाही म्हणून मान हलवायला गेलो. पाठीमुळे तीही धड हलेना.