आवाजाशेजारची गाठ

११ सप्टेंबर

ताईने माझा गळा धरला! भांडणात नाही, चहा पिताना. "गिळ बघू," म्हणाली. गिळलं. "परत गिळ. अरे, ही गाठ कधीपासून?" मी म्हटलं, गाठ कसली, कंठमणी आहे, बातम्या वाचून वाचून भरदार झालाय. "कंठमणी मधोमध असतो रे, शहाण्या. हे डावीकडे आहे."

खरं सांगायचं तर ही गाठ मी उन्हाळ्यापासून आरशात पाहतोय. आणि पाहतोय तेही कौतुकाने! वाटायचं, खर्ज इथेच साठतो.

१७ सप्टेंबर

गाठीत सुई घालून तपासायला थोडं पाणी काढलं. मी अजिबात घाबरलो नाही. नर्स मात्र म्हणाली, "काका, आता माझा हात सोडा."

२४ सप्टेंबर

सुईचा रिपोर्ट: सांगता येत नाही! आयुष्यभर रेडिओवर 'अधिकृत दुजोरा मिळालेला नाही' असं वाचत आलो, ते आता माझ्याच गळ्याबद्दल.

बायकोला घेऊन सर्जन बाईंकडे गेलो. बाई मोठ्या नावाजलेल्या, आवाज मात्र इतका बारीक की मी दोनदा पुढे वाकलो. म्हणाल्या, "सुईत नुसत्या पेशी येतात. मला गाठीचं कवच बघायचंय. पेशी ते फोडून बाहेर पडल्या असतील तर कॅन्सर, नसतील तर साधी गाठ. आणि कवच बघायचं तर अख्खी गाठ हातात हवी. गाठ थायरॉइड ग्रंथीत आहे, तिची डावी बाजूच काढावी लागेल."

"म्हणजे आधी कापायचं, आणि कापायला हवं होतं की नाही ते मागाहून कळणार?"

"बरोब्बर," बाई म्हणाल्या. खूश दिसल्या. बहुतेकांना हे समजायला वेळ लागत असावा.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. थायरॉइडच्या मागून दोन्ही बाजूंना आवाजाची एकेक नस जाते. दोऱ्याएवढी. ती जपूनच काम करतात, पण कधीकधी दुखावते. इथून पुढे मी जे जे विचारलं ते सगळं आवाजाबद्दल. खर्ज राहील का, सकाळचं बातमीपत्र कधी वाचता येईल. बायकोने एकच विचारलं, "कॅन्सर निघाला तर बरा होतो ना?"

घरी येताना रिक्षात ती फाइल मांडीवर घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, आवाजाच्या काळजीत आहे.

३ ऑक्टोबर

आमच्याकडे रिवाज आहे. वाचणारा आजारी पडायची शक्यता असली की आधीच रेकॉर्डिंग करून ठेवायचं. रेडिओवर शांतता पसरणं हे महापाप. तर आज ड्युटी संपल्यावर स्टुडिओत घरात लागणाऱ्या वाक्यांचं रेकॉर्डिंग केलं. आवाज गेलाच तर मोबाइलचं बटण दाबलं की झालं! रेकॉर्डिस्टला आम्ही सगळे मुंगी म्हणतो. काचेपलीकडून ती हसून हसून टेबलावर आडवी झाली. "सर, 'पंखा बंद करण्यात यावा' असं घरी कोण म्हणतं?"

काय करू? माइक दिसला की पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

९ ऑक्टोबर

उद्या ऑपरेशन. बाई गाठीला इंग्रजीत 'लीजन' म्हणतात, मी 'ते प्रकरण' म्हणतो, ताई म्हणते 'मेली'. ताईचा शब्द जास्त बरोबर वाटतो.

११ ऑक्टोबर

डावी बाजू गेली. शुद्धीवर आल्यावर काय म्हणायचं ते पाठ केलं होतं. "नमस्कार, मी उत्तम आहे." तोंड उघडलं आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसा आवाज आला. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी घंटी दाबली. "सिस्टर, याचा ऑक्सिजन गळतोय!"

बाई आल्या. नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. डावा स्वरतंतू हलत नाही. "नस अखंड आहे, मी डोळ्यांनी पाहिलीय. ताण बसलाय तिला. परत येईल." कधी? "काही आठवडे. काही महिने." आणि नाहीच आली तर? हे मी विचारलं, पण त्यांना ऐकू गेलं नाही. कोणालाच गेलं नसतं.

१४ ऑक्टोबर

घरी. रेकॉर्डिंगचं उद्घाटन झालं. बटण दाबलं. "दूध उतू जात आहे." बायको पेपरमधून डोकं न काढता म्हणाली, "कुठे?" तिला बातमी वाटली! दूध गेलंच. ताईला इतकं हसू आलं की खुर्ची धरून उभी राहिली. मी हसायला गेलो आणि टाक्यांवर हात ठेवून बसलो.

मग बायकोने सगळं ओळीने ऐकलं. पंखा. किल्ल्या. चहात साखर कमी आहे. शेवटपर्यंत ऐकून मोबाइल उलटा ठेवला. "एवढी वाक्यं केलीस. माझ्याशी बोलायचं असं यात काहीच नाही रे."

मी बरंच काही पुटपुटलो. हवा गेली, शब्द नाहीत.

२१ ऑक्टोबर

कॅन्सर आहे. कवच फुटलंय, रक्तवाहिन्यांतही शिरलाय.

बाईंच्या बारीक आवाजात तो शब्द फार लहान वाटला. बातमीत मी त्याच्याआधी क्षणभर थांबलो असतो.

आता उजवी बाजूही काढायची, म्हणजे नंतर किरणोत्सारी आयोडीनचं औषध देता येईल आणि कुठे कण उरले असतील तर तेही मरतील. बरा होण्याची आशा चांगली आहे. बायकोने हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पण उजवीकडे माझी चालू नस आहे. "दोन्ही बसल्या तर आवाजाचं सोडाच, श्वास घेणं अवघड होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून डावी जागी होईपर्यंत थांबू. आवाज आला की लगेच कळवा. फार थांबता येणार नाही."

२८ ऑक्टोबर

मुंगी भेटायला आली. माझ्या जागी दुसरा माणूस वाचतोय. "कसा वाचतो?" पाटीवर लिहून विचारलं. "चांगला वाचतो, सर." खोटं बोलायला काय होतं हिला!

२ डिसेंबर

दाढी करताना कापलं. "आई गं!" ओरडलो. खर्जात! रक्त गालावरून ओघळतंय आणि मी आरशासमोर पुन्हा पुन्हा 'आई गं' म्हणतोय. खणखणीत. भांडी वाजावीत तसा!

मग आठवलं, आवाज आला की लगेच कळवायचंय.

नळ मोठा सोडला. बाहेर येऊन बायकोला कुजबुजत म्हणालो, "चहा."

५ डिसेंबर

घोगरं बोलणं सोपं नाही. शाळेत नाटकात मला झाडाचं काम दिलं होतं ते योग्यच होतं. ताई फोनवर म्हणाली, "अजून तसाच का रे?" मी फुसफुसलो. ती रडायला लागली. लाज वाटली, तरी फुसफुसतच राहिलो. हा आवाज तीन दिवसांपूर्वी मिळालाय. इतक्यात पुन्हा पणाला लावायचा?

आत काय वाढत असेल ते वाढतंय. मी मात्र आवाज लपवतोय. माझ्याएवढा गाढव कवच फोडून बाहेर पडलेल्या पेशींतही नसेल.

७ डिसेंबर

सकाळी बायकोने चहा पुढे ठेवला. "काल झोपेत बातम्या वाचल्यास. हवामानासकट." मी कपात बघत राहिलो. "स्पष्ट होत्या," ती म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. उठलीच नाही.

८ डिसेंबर

बाईंना फोन केला. "कोण बोलतंय?" त्यांनी ओळखलं नाही. नाव सांगितलं. खर्जात, पूर्ण.

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग बारीक आवाजात: "सोमवारी या. उपाशीपोटी."